गेनराव

मे महिन्यात पुण्यातला शहाणा माणूस दुपारभर पडदे ओढून झोपतो. त्याहून शहाणा असला तर महाबळेश्वरला जातो आणि तिथे जाऊन पडदे ओढून झोपतो. या दोन्हींत न बसणारी एक तिसरी जमात गेल्या काही वर्षांत शहरात वाढीला लागली आहे. ही माणसं शनिवारी पहाटे साडेतीनला उठतात, अंधारात अर्ध्या चड्ड्या चढवतात, छातीशी पाण्याच्या बाटल्या बांधतात आणि गडावर धावायला जातात. चढायला नव्हे, धावायला. मागे कोणी लागलेलं नसताना.

आमच्या सोसायटीत या जमातीचा एकच नमुना आहे, पण तो सबंध जमातीला पुरून उरेल. त्याला सगळे गेनराव म्हणतात. डोंगराचं नाव काढलं की ‘गेन किती?’ हा त्याचा पहिला प्रश्न. गेन म्हणजे वाटेत अंगावर येणारी एकूण चढाई, मीटरमध्ये. गडाचा इतिहास, देवीचं नाव, वर पिठलं मिळतं का, या चौकशा त्यानंतर, आणि बहुधा नाहीतच. एकदा कोणाच्या तरी मुंजीला गेलो तर कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. बाकीचे पाहुणे यजमानांच्या नावाने बोटं मोडत होते. गेनराव पायऱ्या मोजत होता. वहिनींनीही आता हे नाव स्वीकारलंय. शनिवारी सकाळी कोणी दार वाजवलं तर त्या शांतपणे सांगतात, ‘‘गेन आणायला गेलेत.’’ दळण आणायला गेल्यासारखं.

चाळिशीपर्यंत हा माणूस चांगला होता, म्हणजे आपल्यासारखा. हिंजवडीत नोकरी, संध्याकाळी वडापाव, रविवारी मिसळ. मग कंपनीच्या वार्षिक तपासणीत कोलेस्टेरॉलचा आकडा आला आणि तिथे घात झाला. त्याला आजाराची भीती वाटली नाही. त्याला आकडा आवडला. आकडा खाली आणता येतो म्हटल्यावर तो आधी चालायला लागला, मग वेताळ टेकडीवर पळायला, मग अर्धी मॅरेथॉन, मग पुरी. मग एक दिवस त्याने जाहीर केलं की डांबरावर धावणं गुडघ्यांना वाईट. आम्ही म्हटलं, सुटला. तो म्हणाला, ‘‘म्हणून आता डोंगरात.’’

तेव्हापासून त्याचा आठवडा शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो. जेवणाच्या टेबलावर सामान मांडलं जातं. चेपणाऱ्या बाटल्या दोन. डोक्याला बांधायचा दिवा, त्याची जादा बॅटरी. घडीच्या काठ्या. शिट्टी. मिठाच्या गोळ्या. टोपीचं जलरोधक जाकीट. आणि चांदीच्या वर्खासारखी चकाकणारी एक पातळ चादर, थंडीने गारठून प्राण जायची वेळ आली तर गुंडाळून बसायला. बाहेर रात्री आठलाही भिंती तापलेल्या. मी म्हटलं, ‘‘अरे, ही चादर कशाला?’’ तर म्हणे मों ब्लांच्या शर्यतीच्या सक्तीच्या यादीत आहे, आतापासून वजनाची सवय हवी. वहिनी आतून म्हणाल्या, ‘‘असू द्या हो, स्वारगेटला गारठा असतो.’’

याच टेबलावर, याच महिन्यात, हापूसचा रसही असतो. गेनराव तो नाकारत नाही, पण वाटी तोंडाला लावण्याआधी त्यात कर्बोदकं किती ग्रॅम असतील ते विचारतो. समाधानकारक उत्तर मिळत नाही, कारण आमरस या देशात ग्रॅमवर खाल्ला जात नाही. मग तो पिशवीत जेलची पाकिटं भरतो. चिकट, पारदर्शक, दात न लावता गिळायचा पदार्थ. पाकिटावर चित्र आंब्याचं.

मों ब्लांची गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्याच्या आयुष्यातली पंढरी आहे. ऑगस्टच्या अखेरीस फ्रान्समधल्या शामोनी गावातून ही शर्यत निघते, त्या पर्वताला वळसा घालत इटली आणि स्वित्झर्लंडमधून परत शामोनीला येते. सुमारे 170 किलोमीटर अंतर, सुमारे 10,000 मीटर चढाई, आणि साडेसेहेचाळीस तासांत परत यायचं. 2003 साली ही सुरू झाली आणि आता जगभरातून इतके लोक येऊ पाहतात की चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठीत नाव पडायला मात्र आधी ‘रनिंग स्टोन’ मिळवावा लागतो. तो त्यांच्याच मालिकेतल्या ठरावीक शर्यती पूर्ण केल्या की मिळतो. हे ऐकून मला वाईट वाटलं. सबंध सह्याद्री दगडांचा. पायाखाली दगड, डोक्यावर दगड, वाटेत दगड, वाट म्हणजेच दगड. त्यातला एकही चालत नाही. एका दगडासाठी गेनराव थायलंडला जाऊन आला. वहिनींना वाटलं होतं, सहल आहे. त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर घालायची टोपी घेतली होती. तीन दिवस त्या एका डोंगराच्या पायथ्याशी केळी हातात घेऊन उभ्या होत्या.

10,000 मीटर म्हणजे किती, हे आम्हाला कळावं म्हणून त्याने हिशेब सोपा करून ठेवलाय. आतकरवाडीतून पायवाटेने सिंहगड चढला की साधारण 600 मीटर. म्हणजे मों ब्लां म्हणजे सतरा सिंहगड, मध्ये न झोपता. पुण्यात कुठलीही उंची सिंहगडातच मोजतात हे मला माहीत होतं. आल्प्सचीही मोजतात हे नव्यानेच कळलं.

‘‘पण मेमध्ये का?’’ असं मी एकदा विचारलं. त्याने शास्त्र सांगितलं. उन्हात दहा-चौदा दिवस सराव केला की शरीर जुळवून घेतं. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो आणि घामावाटे मीठ कमी जातं. हे खरं आहे, मी एका डॉक्टर मित्राकडून खात्री करून घेतली. ‘म्हणून हे करायलाच हवं’ असं मात्र शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही, हेही त्या मित्राने सांगितलं.

त्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. उन्हाच्या बाबतीत तो हिरोगिरी करत नाही. पहाटे चारला वाटेला लागायचं आणि दहाच्या आत सावलीत यायचं हा त्याचा नेम. मेमध्ये गडावरची टाकी तळाला गेलेली असतात, गवत जळून पिवळं, नाहीतर वणव्याने काळं, आणि घसाऱ्यावर पाय टाकला की मुरूम बॉलबेअरिंगसारखा पळतो. अशा वेळी अर्ध्या लिटरची एक बाटली चौघांत घेऊन, जीन घालून, उन्हं वर आल्यावर राजगड चढायला लागणारी कॉलेजची पोरं दिसली की गेनराव थांबतो. हो, थांबतो. घड्याळ चालू ठेवून थांबतो, म्हणजे त्यागाची कल्पना येईल. त्यांना झाडाखाली बसवतो, आपलं पाणी देतो, मिठाच्या गोळ्या देतो, एखादीचे डोळे फिरलेले दिसले तर मानेवर ओला रुमाल ठेवून खाली घेऊन येतो. त्या दिवशीची त्याची सरासरी पार मातीत जाते. रात्री ॲपवर त्याच्या धावेचं शीर्षक असतं, ‘समाजकार्य’.

इतिहासाशी त्याचं वैर नाही, फक्त इतिहासाकडे तो वेळ लावून पाहतो. 1670 च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे रात्री कडा चढून गेले, हे सांगताना आमच्या शाळेतल्या बाईंचा गळा भरून यायचा. गेनरावचेही डोळे चमकतात. ‘‘रात्री. दिवा नाही. हातात शस्त्र. उभा कडा. पेस काय असेल?’’ हिरकणीला तो सह्याद्रीतली पहिली ट्रेल रनर मानतो. दूध घालायला रायगडावर आलेली, दरवाजे बंद झालेले, घरी तान्हं बाळ, म्हणून अंधारात कडा उतरून गेलेली बाई. ‘‘आणि उतार, लक्षात घे. उतारावरच मांड्या फाटतात.’’ त्या माऊलीच्या कथेतून मांड्यांबद्दल बोध घेणारा हा पहिलाच.

रविवार असतो राजगड-तोरण्याचा. गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगड, पद्मावती माची, तिथून संजीवनी, मग अळू दरवाजातून बाहेर पडून सबंध डोंगरधारेने तोरण्याची बुधला माची, आणि बिनी दरवाजाने खाली वेल्ह्यात. भले भले ट्रेकर याला दोन दिवस घेतात, मध्ये मुक्काम करतात, चूल पेटवतात. गेनराव सकाळच्या चहाच्या वेळेत उरकतो. त्याची गाडी गुंजवण्यात राहते आणि तो निघतो वेल्ह्यात, यावर उपाय म्हणून माझी नेमणूक झाली आहे. परदेशी शर्यतींत अशा माणसाला ‘सपोर्ट क्रू’ म्हणतात. काम एकच: गाडी फिरवून वेल्ह्यात आणायची आणि ताक घेऊन उभं राहायचं. मी ते निष्ठेने करतो. ताक उरत नाही एवढंच.

एकदा पद्मावती माचीवर त्याला एक जुने दुर्गप्रेमी भेटले. कॅनव्हासची पिशवी, गळ्यात दुर्बीण, गोनीदांची पुस्तकं पाठ. चार दिवस नुसते राजगडावर राहायला आलेले. त्यांनी कौतुकाने विचारलं, ‘‘संजीवनीची दुहेरी तटबंदी पाहिलीत का?’’

गेनराव म्हणाला, ‘‘हो, डावीकडे होती.’’

हा संवाद मला त्यानेच सांगितला, अभिमानाने. ते गृहस्थ पुढे काय म्हणाले ते त्याला ऐकू आलं नाही. अंतर पडलं होतं.

वेल्ह्यातलं दृश्य मात्र मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. साडेनऊचा सुमार. तोरण्याच्या सोंडेवरून लाल टोपी उड्या मारत खाली आली, गावात शिरली, माझ्यासमोरून गेली, आणि थांबली नाही. एसटी स्टँडाला वळसा घालून परत आली. पुन्हा गेली. ताकाचा ग्लास हातात धरून मी उभाच. पारावर चार-पाच म्हातारे बसले होते. तिसऱ्या फेरीला त्यातल्या एकाने न राहवून विचारलं, ‘‘पाव्हणं, काय हरवलंय का?’’

‘‘चारशे मीटर कमी पडतायत,’’ गेनराव धावता धावता म्हणाला.

म्हाताऱ्याने सहानुभूतीने स्टँडभर नजर टाकली. ‘‘मिळत्याल, मिळत्याल. हितंच आसत्याल कुठं तरी.’’

घड्याळात पूर्ण आकडा उमटला तसा तो जागच्या जागी थांबला. त्याच्या धर्मात 19.6 किलोमीटर नावाचं काही नसतं. पण त्यात खोटंही नसतं, हे सांगितलं पाहिजे. गाडीत बसून घड्याळ चालू ठेवणारे, जवळची वाट मारून पुढे जाणारे, अशी मंडळी या क्षेत्रात आहेत. गेनराव एक मीटर चोरणार नाही. ‘मी स्पर्धा करतो ती फक्त स्वतःशी’ हे वाक्य तो इतक्या वेळा म्हणतो की आम्ही ते वाक्य आल्याबरोबर मान हलवून पुढचा घास घेतो. गेल्या मे महिन्यात ते वाक्य त्याच्यावर उलटलं.

शनिवार होता, सिंहगड. त्या दिवशी त्याला तीन फेऱ्या मारायच्या होत्या: वर, खाली, वर, खाली, वर, खाली, मध्ये कुठेही कांदाभजी नाही. मी आतकरवाडीत पायथ्याच्या टपरीशी बसलो होतो. टपरी एका आजींची. वरच्या माणसांसाठी दह्याची मडकी त्या इथून भरून देतात आणि त्यांचा नातू पाटी डोक्यावर घेऊन गडावर पोचवतो. गेनराव पहिली फेरी संपवून आला, हात-तोंड धुवायला घड्याळ काढून बाकड्यावर ठेवलं, तेवढ्यात वहिनींचा फोन. गॅसचा सिलिंडर दारात आलाय आणि कोड तुमच्या फोनवर गेलाय. त्याने फोन कानाचा काढला, कोड शोधला, वाचून दाखवला, चुकला, पुन्हा दाखवला, आणि सिलिंडरवाल्याने खाल्लेली दोन मिनिटं भरून काढायला तसाच वर पळाला. घड्याळ बाकड्यावर. चालू.

माझ्याआधी आजींचं लक्ष गेलं. ‘‘त्या पळणाऱ्या बाबाचं घड्याळ ऱ्हायलं की.’’ त्यांनी ते पदराने पुसलं, पाटीतल्या मडक्यांना गुंडाळलेल्या ओल्या फडक्यात खोचलं आणि नातवाला हाक मारली. तो सोळा-सतरा वर्षांचा, पायात स्लीपर, दात घासत होता. चूळ भरली, चुंबळ ठेवली, पाटी उचलली, गेला.

वरचं मला नंतर कळलं. अर्ध्या वाटेत गेनरावने सवयीने मनगट वर केलं आणि कधी नव्हे तो उभा राहिला. खाली जावं तर लय तुटते. वर जावं तर ती चढाई कुठेच नोंदली जाणार नाही, म्हणजे झालेलीच नाही. असा तो दोन्हीकडून अडकलेला असताना शेजारून पाटी गेली. ‘‘काका, घड्याळ पाटीत हाय. वर देतो.’’ चढावर भरलेली पाटी उतरवता येत नाही, त्यामुळे थांबायचा प्रश्न नव्हता. मग गेनराव आपल्याच घड्याळाच्या मागे धावला. जीव खाऊन धावला. पुणे दरवाजाला पोचला तेव्हा पोरगं दगडावर बसून फोन बघत होतं. घड्याळाच्या पट्ट्याला थोडं दही लागलं होतं.

घड्याळ बेहद्द खूश होतं. त्याच्या मते गेनरावने सिंहगड आजवरच्या आपल्या सगळ्यांत चांगल्या वेळेपेक्षा नऊ मिनिटं लवकर चढला होता. आणि तोही हृदयाचे ठोके मिनिटाला 58 राखून. ही घड्याळं पाठीमागून हिरवा उजेड टाकून कातडीखालचं रक्त वाचतात; ओल्या फडक्याखाली त्याने काय वाचलं देव जाणे, पण जे वाचलं ते अत्यंत शांत होतं. त्या दह्याच्या आधारे घड्याळाने निष्कर्ष काढला: फुप्फुसांची क्षमता अव्वल, शारीरिक वय वीस, विश्रांतीची गरज नाही.

खाली येईतो ॲपवर चाळीस जणांनी अंगठे दिले होते. एकाने ‘राक्षस!’ असं लिहिलं होतं. गेनरावने तिथेच बाकड्यावर बसून सगळ्यांना खुलासा लिहिला, नोंद पुसून टाकली, आणि तिसरी फेरी मारली. सज्जन माणूस. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण नोंद ॲपवरून काढली तरी घड्याळाच्या मनातून काढता येईना. त्याने एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं, हा माणूस काय करू शकतो. पुढच्या आठवड्यात गेनराव आपल्या नेहमीच्या वेळेत सिंहगड चढला, तर घड्याळ म्हणालं, कामगिरी घसरते आहे. त्यापुढच्या शनिवारी एक मिनिट कमी केलं, दोन दिवस आडवा पडला, तर शेरा आला, ‘अनप्रॉडक्टिव्ह’. हा शेरा त्याला ओळखीचा होता. दर एप्रिलला तो स्वतः हाताखालच्या पोरांना असे शेरे देतो, थोड्या मऊ भाषेत. सगळं पुसून घड्याळ कोरं करायची सोय आहे, पण त्यात सात वर्षांची सगळी धाव जाते, थायलंडसुद्धा. ते त्याला मान्य नाही. तेव्हा आता तो खरोखरच फक्त स्वतःशी स्पर्धा करतो आहे आणि हा ‘स्वतः’ त्याच्यापेक्षा नऊ मिनिटं पुढे, स्लीपर घालून, फोन बघत बसलेला आहे.

महिनाभर त्याने सगळं करून पाहिलं. चहा सोडला. नवे बूट आणले. बुटांचं वजन जुन्यांपेक्षा तीस ग्रॅमने कमी. वहिनी म्हणाल्या, ‘‘त्या मुलाला विचारा ना, कसं चढतो ते.’’ हे कोणाला सुचलं नव्हतं. विचारलं. पोराने बराच विचार केला आणि सांगितलं, ‘‘ऊन चढायच्या आत जावं लागतं. दही आंबतं.’’

गेनरावने हे वहीत लिहून घेतलं. मला वाटतं, त्यात त्याला पद्धत दिसली. कारण जूनच्या पहिल्या शनिवारी, ढग भरून आलेले, करवंदांच्या शेवटच्या पाट्या उतरत होत्या, तेव्हा तो आजींच्या समोर उभा राहिला आणि अतिशय गंभीरपणे म्हणाला, ‘‘आजी, आजची पाटी मी नेऊ का वर?’’

आजींनी त्याला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. नातवाने चुंबळ पुढे केली.

‘‘न्या की,’’ आजी म्हणाल्या. ‘‘फुटल्याल्या मडक्यांचं पैसं तेवढं आधी ठिवा.’’

गेनरावने पाकीट काढलं. हिशेबाला तो चोख. ‘‘किती धरायची?’’

‘‘धा धरा.’’

‘‘आणि पाटीत असतात किती?’’

‘‘धाच.’’